पाळीवरची हाळी
काल खिडकीवरून पोपटांचा थवा कलकलत गेला, माझ्या हातातलं लाटणं तसंच थांबलं आणि गावच्या तलावाची मातीची पाळ आठवली. गाव चंद्रपूरकडचं; चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. पन्नासच्या दशकातली आश्विनातली सकाळ होती. पाखरं मारू नका, आधी नीट बघा, असं सांगणाऱ्या जंगल खात्याच्या साहेबांनी दवंडी देऊन अख्ख्या गावाला पाखरं बघायला बोलावलं होतं. आम्ही पाळीवर ओळीनं बसलो होतो. दवानं लुगडी ओली झाली होती आणि साहेब सारखे ओठांवर बोट ठेवत होते. माझी माय मात्र चुळबुळत होती, कारण पाळीखालीच आमचं धान उभं होतं आणि राखायला कोणी नव्हतं. तेवढ्यात पोपटांचा थवा आला आणि थेट आमच्या शेतातल्या बांधीत उतरला. हिरव्या-पिवळ्या धानात एकही पोपट दिसेना. साहेब दुर्बिणीतून शोधत राहिले. माय पुटपुटली, "सायेब, तुमाले दिसून नाई राह्यले, पन मले त्याईचं खानं आयकू येऊन राह्यलं." "बाई, जरा चूप बसा," साहेब कुजबुजले. माय उभी राहिली आणि तिनं पोटातून हाळी दिली, "हाऽऽ हो!" सगळा थवा एकदम उठला आणि कोवळ्या उन्हात हिरवा झळाळत आमच्या डोक्यावरून तलावापलीकडे गेला. साहेबांनी दुर्बीण खाली केली, बराच वेळ ते वर बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "आता दिसले." ते शेत विकूनही आता जमाना झाला. तरी काल ते पोपट कुठं उतरतात हे दिसेपर्यंत मला खिडकी सोडवली नाही.