जेवायच्या हाताची बाजू

मुखरोगशास्त्र शिकायला मी कोल्हापूरहून तंजावरला आलो, तेव्हा आमच्या विभागप्रमुख डॉ. अंबुजाबाई मराठीत बोलतील, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मराठा राजांच्या काळापासून त्यांचं घराणं इथलंच. पहिल्याच भेटीत त्यांनी तमिळ हेलात विचारलं, मी जेवलो का, आणि जेवलो असलो तर हात धुऊन ये म्हणाल्या. मला हसू आलं. बाईंच्या साध्या बोलण्याला हसायची माझी खोड तेव्हापासूनची, आणि तीच मला भोवली.

तंबाखूचा विडा खाणाऱ्यांच्या गालात पांढरे चट्टे येतात. त्यातला कुठला पुढे कर्करोगाकडे झुकतो, हा बाईंच्या संशोधनाचा विषय. रुग्णाला त्या रोजच्यासारखा विडा गालात धरून दाखवायला सांगत, आणि तो टेकतो तिथे त्यांचं बोट आधी जाई. नोंदीत उजवा-डावा लिहायला मात्र सक्त मनाई. आपण रुग्णासमोर उभे, त्यात हातात आरसा, गफलत व्हायचीच. म्हणून 'जेवायच्या हाताची बाजू' असं लिहायचं आणि तपासणीसाठी गालाचा तुकडा काढण्याआधी रुग्णाला तो हात वर करायला लावायचा. मला हा बालवाडीचा खेळ वाटे.

पापनाशमजवळच्या एका गावातून राजम्मा आल्या. भाताची लावणी करणाऱ्या बाई. दोन्ही गालांत चट्टे, पण जेवायच्या हाताच्या बाजूला किंचित लाली. बाईंनी तिथलाच तुकडा काढायला सांगितला. बाहेर रांग होती. मी हात वर करायला लावला नाही, माझ्या उजव्या हाताला आलेला गाल कापला आणि ऐटीत 'उजवा' लिहून मोकळा झालो. अहवाल निर्दोष आला. राजम्मा टाका काढून आनंदाने गावी गेल्या.

टाका काढणाऱ्या सिस्टरने नियमाप्रमाणे लिहिलं होतं, 'जेवायच्या हाताची नव्हे, दुसरी बाजू'. पुढच्या आठवड्यात बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. मी कापला होता तो राजम्मांचा डावा गाल. राजम्मांचा फोन बंद होता. बाईंनी छत्री उचलली आणि आम्ही बस धरली.

वाटेत मी हळूच सुचवलं, की नुसती फेरतपासणी आहे असं सांगू या. बाई खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "खोटं सांगून तोंड उघडायला लावलं, तर ती परत कधी उघडील का?"

राजम्मा कालव्याकाठी भांडी घासत होत्या. बाईंनी उभ्या उभ्या तमिळमध्ये सगळं सांगितलं: चूक आमची, भलताच गाल कापला, धोका दुसऱ्या गालात असू शकतो. राजम्मांचा जावई अंगावर धावून आला. सासूला पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढू देणार नाही, असं त्याने बजावलं. राजम्मांनी त्याला थांबवलं आणि विचारलं, कापलं कुणी? बाई म्हणाल्या, "माझ्या हाताखाली झालं, म्हणजे मीच." मग मात्र मला राहवलं नाही. मीच तो, असं मोडक्या तमिळमध्ये सांगितलं. राजम्मांनी भांडी बाजूला ठेवली. त्यांनी हात धुतले आणि पिशवी भरायला घेतली.

दुसऱ्या तुकड्यात रोग निघाला, पण अगदी आरंभीचा. शस्त्रक्रियेने निभावलं. बाईंनी छापायला निघालेला शोधनिबंध अडवला आणि माझी प्रत्येक नोंद रुग्णाला परत बोलावून पडताळून घेतली. मला काढून टाकतील असं वाटत होतं. त्यांनी त्या सगळ्या तपासण्यांना मलाच उभं केलं. त्या दिवसांत मी त्यांचा रागही केला, आज त्याची लाज वाटते.

बाई आता साठ वर्षांच्या झाल्या. घरात मराठी असली तरी देवनागरी त्यांना वाचता येत नाही, तेव्हा साठीनिमित्तचा हा लेख त्यांना मीच वाचून दाखवणार आहे, चुकीसकट. बाई, आपल्याला उदंड निरोगी आयुष्य लाभो आणि आपलं बोट असंच स्थिर राहो. राजम्मा दर सहा महिन्यांनी तपासणीला येतात. खुर्चीत बसल्या, की कुणी काही सांगायच्या आत माझ्याकडे बघतात आणि जेवायचा हात वर करतात.