आईची राहिलेली सावड

आमच्या गावात चाळिशी उलटलेली बाई सरळ चालताना दिसली, तर ती पाहुणी समजावी. आंदर मावळातलं गाव आमचं. पाणी चढावरून आणायचं, सरपण चढावरून, आणि एसटी धरायची तर खाली फाट्यापर्यंत तंगडतोड. बायका गुडघ्यावर हात रेटत उठतात, 'आई गं' म्हणतात आणि कामाला लागतात. त्याला दुखणं म्हणायचं असतं, हेच कुणाला ठाऊक नाही.

माझी आई त्यातलीच. मी लोणावळ्यात बंगल्यांची साफसफाई करते. आई गावाकडं भाऊ-वहिनीजवळ असते. आमच्याकडं भातलावणीला सावड असते. आज सगळ्याजणी माझ्या खाचरात, उद्या मी त्यांच्या. मजुरी वगैरे काही नाही, अंगाच्या बदल्यात अंग. परवाच्या साली आमचं खाचर सगळ्यांच्या आधी लागलं आणि दुसऱ्याच दिवशी आईचा गुडघा भोपळ्याएवढा सुजला. ती कुणाच्याच खाचरात उतरू शकली नाही. कुणी चकार शब्द काढला नाही, पण आईनं ते उरावर घेतलं.

मी तिला ओढूनच लोणावळ्याच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही गुडघे पार झिजलेत, बदलावे लागतील, सरकारी योजनेत बसेल. तोवर मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, चिखलात उतरायचं नाही. मला हसूच आलं. आमची चूल जमिनीवर, भाकरी थापायची जमिनीवर, भांडी घासायची जमिनीवर. आणि गोठ्यातलं शेण काय टेबलावर येतं? पण ऑपरेशन होणार म्हणून गप्प बसले. खेटे घालून घालून तारीख मिळाली, तीही नेमकी गेल्या आषाढातली, लावणीच्या तोंडावर.

"लावणी झाल्यावर बघू," आई म्हणाली.

"अगं, वहिनी जाईल ना तुझ्या वाटची."

"तिची सावड ती फेडंल, माझी मी. लोकांनी माझं खाचार लावलंया. त्यास्नी काय तोंड दावू?"

मी भांडले, रडले, अबोला धरला. भाऊ म्हणाला, "तिला सांगून काय उपेग न्हाई." तारीख गेली.

बाजाराच्या गावी एक माणूस सांधेदुखीवर पुड्या द्यायचा. गोळ्यांचा चुरा, कागदात बांधलेला. आईनं त्या सुरू केल्या आणि चार दिवसांत तरातरा चालायला लागली. मी सुट्टी काढून गेले, तर बाईसाहेब पोटरीभर चिखलात वाकून रोपं लावतायत. मला बघून म्हणाली, "या लोणावळ्याच्या म्याडम. उतरा की, का पायाला चिखल लागंल?" बायका खो-खो हसल्या. वर रस्त्याला पुण्याची गाडी थांबली होती आणि एक पोरगी हिरव्यागार खाचरांचे फोटो काढत होती. तिच्या फोटोत आई आली असेल. पाठच दिसत असेल म्हणा, तोंड कसं दिसणार?

खोटं कशाला बोलू, तिला तसं बघून मला बरं वाटलं.

आई एकेकीच्या खाचरात उतरली, एकही चुकवलं नाही. पावसाळाभर पुड्या चालूच होत्या. तिचा चेहरा भरला, गाल वर आले. बायका म्हणायच्या, "मावशी, अंग धरलं वो तुमी." आम्हा सगळ्यांनाच ती सुधारली असं वाटलं. ती सूज होती, हे आम्हाला कोण सांगणार?

गणपतीत पाय सुजले, धाप लागायला लागली. पुन्हा तोच दवाखाना. रक्त तपासलं, तर साखर चढलेली आणि किडन्या खराब. डॉक्टर त्या पुड्या बघून भडकले. असल्या पुड्यांनी दुखणं दबतं आणि माणूस आतून पोखरला जातो, म्हणाले. भडकले ते बरोबरच होतं. पण आषाढात चिखलात उतरायला त्यांनी तरी आईला दुसरं काय दिलं असतं? आता हिला भूल झेपायची नाही, ऑपरेशनचा विषय संपला, असं त्यांनी मला सांगितलं. आई शेजारीच बसली होती. तिला त्यातलं फारसं कळलं नाही. तिनं माझा पदर ओढला.

"इचार की त्यास्नी, आता कवाची तारीख देत्यात. आता मी मोकळी हाय. कुणाचं काय ऱ्हायलं न्हाई."

काय विचारणार, कपाळ? मी तिला धरून बाहेर आणलं आणि रिक्षा बघायला म्हणून लांब जाऊन रडले.

आता ती घरात बसून सरकते. हातांवर जोर देत चुलीपासून मोरीपर्यंत, मोरीपासून अंथरुणापर्यंत. यंदा तिच्या जागी सावडीला वहिनीच दोघींच्या वाटचं करते. वहिनी पस्तिशीची आहे. परवा मी गेले तेव्हा ती चुलीपुढून उठली, भिंतीला हात लावून. मला राग येतो, आणि तो कुणावर काढावा हेच कळत नाही. देव म्हणावं तर तोही भिंतीवर फोटोत नुसता बसलेला.

आई सरकत दारापर्यंत येते आणि उंबऱ्याशी अडते. भाऊ त्या दिवशी पहार घेऊन आला. उंबरा काढून टाकतो म्हणाला, म्हणजे तिला ओट्यावर येता येईल, येणारी-जाणारी माणसं दिसतील.

आईनं उंबऱ्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे, बाबा," ती म्हणाली. "पल्याड आता माझं काय काम हाय?"