बारसं आणि डिझेलची मोटारसायकल

माझ्याकडे डिझेलवर चालणारी मोटारसायकल आहे. हे वाक्य मी आजवर अनेक घरगुती समारंभांत उच्चारलं आहे आणि ते ऐकून अजून एकही माणूस 'वा!' म्हणालेला नाही.

पूर्वी अशा गाड्या निघत असत. त्यातली एक मंडईतल्या एका बटाट्याच्या व्यापाऱ्याकडे होती, ती मी घेतली. (देताना तो इतका खूश का दिसतोय, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.) तिचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा आहे. पंपावर मी डिझेल मागितलं की तिथला माणूस आधी गाडीकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि मग दुसऱ्या माणसाला हाक मारतो. पण ॲव्हरेज! लिटरला ऐंशी! सदाशिव पेठेत राहून माणसाला आणखी काय हवं असतं?

"अहो, या गाडीवर तुम्ही जेवढं वाचवलंत ना, तेवढ्यात माझं कानाचं मशीन येईल," आमची शुभा म्हणते. "आणि ते लागणारच आहे."

गेल्या महिन्यात शुभाच्या धाकट्या भावाच्या, निखिलच्या मुलीचं बारसं होतं. निखिल आणि मुग्धाला नऊ वर्षांनी मूल झालेलं. शुभा एकुलती एक आत्या, म्हणजे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा. नऊ वर्षं ती या मानाची वाट बघत होती. नाव तिनंच निवडलं होतं आणि ते तिनं मलाही सांगितलं नव्हतं. ("तुमच्या पोटात काही राहत नाही." हे खरं आहे.) कुंची, दुपटं, झबली, सगळं तिनं स्वतः शिवलेलं. आता प्रश्न एवढाच होता, की सदाशिव पेठेतून वारज्याला जायचं कसं.

"रिक्षा बोलवा," शुभा म्हणाली.

"रिक्षा कशाला? कालच टाकी फुल्ल केलीय!"

"अहो, मी नारायणपेठ नेसलेय."

"मग? जाऊ तर सदाशिव पेठेतूनच!"

या विनोदावर ती हसली नाही. गाडीवर बसताना फक्त एवढंच म्हणाली, "आजच्या दिवसात या गाडीनं काही घोळ घातला, तर उद्या ती भंगारात. आणि मागोमाग तुम्ही."

घोळ वारज्यापर्यंत झाला नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो. निखिलच्या सोसायटीत पोचलो, शुभा पिशव्या घेऊन वर गेली. त्याचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, पार्किंगच्या बरोब्बर वर. मी गाडी स्टँडला लावली आणि बंद करायला गेलो.

इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल. ही गाडी किल्लीनं बंद होत नाही. हँडलला एक खटका आहे, तो ओढला की एक वायर खाली डिझेल तोडते आणि इंजिन थांबतं. मी खटका ओढला. खटका हातात आला. पाठोपाठ वीतभर वायरही आली. इंजिन आपलं धडधडतंय!

वॉचमन धावत आला. "साहेब, किल्ली काढा की!"

"काढलीय!" मी त्याला किल्ली दाखवली. त्यानं किल्लीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरकला.

टाकीखालचा कॉक बंद करावा, तर तो केव्हाच गंजून बसलेला. मग मला आठवलं, की गाडी गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबायचा आणि क्लच सोडायचा, म्हणजे इंजिन गप्प बसतं. मी गाडी स्टँडवरून काढली, गिअर टाकला, ब्रेक दाबला, क्लच सोडला. इंजिन काही गप्प बसलं नाही. गप्प बसला तो ब्रेक! गाडीनं मला घेऊन जी उडी मारली ती थेट दारातल्या रांगोळीवरून लिफ्टपर्यंत. तिथे केटररनं मठ्ठ्याचं भलंमोठं पातेलं टेकवलं होतं. आता ते आडवं होतं. लिफ्टपासून फाटकापर्यंत मठ्ठा, त्यात आलं-कोथिंबीर तरंगतेय आणि मधोमध माझी गाडी, धड धड धड धड!

एवढ्यात सोसायटीचे चेअरमन खाली आले. निखिलच्या शेजारचाच फ्लॅट त्यांचा.

"आपण गिरणी टाकायला आला आहात का?"

"नाही हो, बारशाला आलोय. ती बंद होत नाहीये."

"मग केव्हा होईल?"

"डिझेल संपलं की आपोआप होईल."

"आणि ते केव्हा संपेल?"

इथे माझ्या जिभेनं दगा दिला. इतक्या वर्षांची सवय हो! "छे, छे, इतक्यात कुठलं? लिटरला ऐंशीचं ॲव्हरेज आहे, कालच टाकी फुल्ल केलीय! अशी उभी ठेवली तर निदान परवापर्यंत..."

बोलता बोलता मलाच ते ऐकू आलं. परवापर्यंत! ज्या ॲव्हरेजचं मी जन्मभर कौतुक केलं, ते असं माझ्या मुळावर उठलं होतं. खिशात फोन थरथरत होता. शुभाचा. मी घेतला नाही. पुन्हा आला. पुन्हा घेतला नाही. वर पाहुणे जमलेत, पाळणा सजलाय, नऊ वर्षं वाट बघितलेली माझी बायको बाळाच्या कानाशी वाकली असेल आणि खालून ही गिरणी! खरं सांगतो, मला रडू यायला लागलं. गाडी भंगारात जाणार याचं नव्हे. आज एक दिवस, फक्त एक दिवस मी रिक्षा बोलवायला हवी होती.

तेवढ्यात निखिल जिन्यावरून धावत आला. त्याच्या पाठोपाठ कुणीतरी त्याला हाका मारत होतं, पण गाडीपुढे कुणाचं काय ऐकू येणार! "भाऊजी, हवा तोडू या!" असं ओरडून त्यानं माझ्या खांद्यावरचं नवंकोरं उपरणं खेचलं आणि बोळा करून एअर फिल्टरच्या तोंडात कोंबलं. गाडी खोकली. थरथरली. थांबली.

काय ती शांतता! मी डोळे मिटले. चेअरमननी सुस्कारा सोडला.

आणि वरून बाळानं जो टाहो फोडला, तो फाटकावरच्या वॉचमननं कानांवर हात ठेवून ऐकला.

बाल्कनीत शुभा आली. "अहो! चालू करा!"

"काय?"

"गाडी चालू करा! फोन का घेत नव्हता? जन्मल्यापासून पोरगी पहिल्यांदा गाढ झोपली होती! मुग्धा बसल्या बसल्या झोपली! मी आता कानात नाव सांगणार, तेवढ्यात कोणी बंद केली?"

मी निखिलकडे पाहिलं. निखिलनं उपरण्याकडे पाहिलं.

"साहेब, बघताय काय?" हे वाक्य चेअरमनचं होतं! "चालू करा लवकर! आमची भिंत लागून आहे. महिनाभर आमच्याही घरात कुणाच्या डोळ्याला डोळा नाही!"

निखिलनं बोळा उपसून काढला. पण डिझेलची किक मारणं हे येरागबाळ्याचं काम नाही. पहिल्या किकेला ती उलटी नडगीवर आली. दुसऱ्या किकेला मठ्ठ्यावरून पाय घसरला. तिसऱ्याला गाडी सुरू झाली, वरचा आवाज हळूहळू विरला आणि बाल्कनीतून हुकूम आला, "थोडी कमी करा... अजून... हां, आता अशीच ठेवा!"

अशा रीतीनं मी सबंध बारसं पार्किंगमध्ये, ओल्या लेंग्यात, गाडीवर बसून पार पाडलं. पाळणा ऐकू आला नाही. मुलीचं नाव सई ठेवलं, हे मला पेढ्यांच्या डब्याबरोबर वॉचमनकडून कळलं.

शुभा खाली आली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. "झोपेत हसली हो, नाव सांगितल्यावर," ती म्हणाली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्या गाडीच्या टाकीवर हात फिरवला. माझ्या नडगीकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

खटका आणि ब्रेक मी दुरुस्त करून घेतले आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी मी वारज्याला जातो. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून वाजवून पाहिला, सई फसत नाही. चेअरमननी पार्किंगमध्ये गाडीसाठी राखीव जागा आखून दिली आहे. शुभा भंगाराचं नावही काढत नाही. उलट परवा तिनं माझ्या हातात इंजिन पुसायला तिची जुनी मऊ साडी दिली. (मी घाम पुसायला मागितली होती, तेव्हा मिळाली नव्हती.)

काल निखिलचा फोन आला. "भाऊजी, तुम्हाला रोज त्रास होतो. तुम्ही नाही आलात तरी चालेल, नुसती गाडी ठेवून गेलात तर?"

मी त्याला सांगितलं, की तिला किक फक्त मलाच मारता येते. हे खरं नाही. पण सासुरवाडीत आता तेवढ्या एका किकेवरच माझी किंमत टिकून आहे!