साहेबांच्या बढत्या, बाईंच्या शाळा

कुवेतमधल्या अमेरिकन लष्करी तळावर मी एका ठेकेदार कंपनीतर्फे ऑफिसचं काम पाहतो. यंदा तिथले जनरलसाहेब निवृत्त व्हायचे होते. निरोप समारंभात पडद्यावर दाखवायला त्यांची कारकीर्द जुळवण्याचं काम माझ्याकडे आलं. लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, कर्नल. जर्मनी, कोरिया, टेक्सास, पुन्हा जर्मनी. प्रत्येक बढतीचा एक फोटो.

शुक्रवारी सुट्टी. मंगफ भागातल्या आमच्या घरी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. बायको शेजारी मटार सोलत होती.

"एवढ्या बदल्या! आणि बाई काय करायच्या हो?"

"कुठल्या बाई?"

"साहेबांच्या मिसेस. प्रत्येक फोटोत त्यांच्या खांद्यावर नवं चिन्ह त्याच लावतायत की."

"काय करणार? सोबत असायच्या."

"माझ्यासारख्या," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

लग्नाआधी ती साताऱ्याला पतसंस्थेत कर्जविभाग सांभाळायची. इथे आली ती माझ्या व्हिसावर. आता शहराजवळच्या हवल्ली भागातल्या एका ऑडिट ऑफिसातून तिला नोकरीचं बोलावणं आलं होतं, रविवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. मी म्हणालो होतो, लेकीची दहावी होऊ दे, मग बघू. पाचवी होऊ दे, असंही पूर्वी मीच म्हणालो होतो. तिने दोन्ही वेळा वाद घातला नाही, आणि ते मी संमती म्हणून धरलं.

शनिवारी साहेबांना काम दाखवलं. खूश झाले. मी भीतभीत विचारलं, "सर, मॅडम काय करायच्या?"

ते माझ्याकडे वळले. "गणित शिकवायची. आम्ही जिथे गेलो तिथे नवी शाळा, आणि दरवेळी ती सगळ्यांत नवी शिक्षिका." मग पडद्याकडे बघत म्हणाले, "हे यात कुठेच नाही?"

"नाही सर."

"माझ्याही लक्षात आलं नसतं. घाला."

मी प्रत्येक हुद्द्याखाली बाईंची शाळा लिहिली. काही नावं साहेबांना आठवेनात. त्यांनी अमेरिकेत बाईंना फोन लावला. पलीकडून त्या हसत हसत दुरुस्त्या सांगत होत्या आणि हा मोठा माणूस मान खाली घालून "हो, हो" करत होता.

घरी येऊन बूटही न काढता बायकोला म्हणालो, "हवल्लीला हो म्हणून कळव."

ती पोळ्या लाटत होती. "कालच कळवलं. मटार सोलून झाल्यावर."

"फायनली!" लेक आतून ओरडली. "अँड बाबा, आय कॅन टेक द स्कूल बस."

मला एकदम हलकं वाटलं, आणि लाजही. माझ्या होकारासाठी ती थांबलीच नव्हती. बरं झालं.

"मला विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर बारावीपर्यंत थांबावं लागलं असतं." लाटणं न थांबवता ती म्हणाली, "रोज सकाळी ऑफिसला सोडणार आहात, की टॅक्सी बघू?"

"सोडतो."

"मग लवकर उठावं लागेल हं, साहेब."