पाच फाउलांपुरती

"बॉल आला तर लगेच देऊन टाकायचा. तू बास्केटकडे बघायचं नाहीस. तू फक्त सात नंबरकडे बघायचंस."

सरांनी हे टाइमआउटमध्ये सांगितलं. सगळ्यांसमोर. कॉलेजांच्या झोन स्पर्धेची सेमीफायनल चालू, आम्ही चार पॉइंटनी मागे, घामाने निथळत पाच जणी गोल करून उभ्या. सरांच्या हातात ती छोटी पाटी होती, चुंबकाच्या सोंगट्यांची. चार सोंगट्यांना त्यांनी मार्करने बाण काढले. तू इकडून जा, तू तिकडून कट मार. पाचवी सोंगटी माझी. तिला बाण नाही. ती उचलून त्यांनी सात नंबरच्या सोंगटीवर ठेवली आणि अंगठ्याने दाबली.

"तुझे तीन फाउल शिल्लक आहेत. वापर ते. ह्यांचे वाचले पाहिजेत."

बास्केटबॉलमध्ये प्रत्येकीला पाच फाउल. पाचवा झाला की बाहेर बसायचं. बाकीच्या चौघींनी आपापले फाउल जपायचे, कारण त्यांना शेवटपर्यंत खेळायचं होतं. माझे मात्र उधळायलाच होते. समोरच्या टीममधली जी सगळ्यात चांगली खेळते तिला धडकायचं, ढकलायचं, तिच्या मनात धास्ती बसवायची आणि पाच झाले की गुपचूप येऊन बाकावर बसायचं. तीन वर्षं माझं एवढंच काम.

मी विचारलं, "सर, ती पडली तर?"

"पडू दे. त्यासाठीच घेतलंय तुला. तुम्हा मिठागरवाल्यांची हाडं दणकट. ह्या पोरींना काही झालं तर ह्यांच्या घरचे मला जाब विचारायला येतील. तुझ्या घरचं कोण येणार आहे?"

एक जण फिसकन हसली. आमची कॅप्टन खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. बांधलेलीच नाडी. तो माणूस खरं बोलत होता आणि तेच मला झोंबलं. माझ्या घरचं कोण येणार होतं? बाबा मिठागरात, पोटऱ्यांपर्यंत खाऱ्या पाण्यात. आई पहाटे भाजी घेऊन गेली की दुपारी उन्हाची परत. दोघांनी माझ्या कॉलेजचं गेटसुद्धा बघितलेलं नव्हतं.

आमचं घर गास गावाच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. मी बास्केटबॉल शिकले गिरीज गावात, सिस्टरांच्या एका शाळेत. आठवीत मला तिथे घातलं. संध्याकाळी मैदान मोकळं असायचं. एक सिस्टर पायघोळ झगा सावरत, एका हाताने असा शूट मारायच्या की जाळी नुसती सळसळायची. त्यांनी मला कोपऱ्यातून मारायला शिकवलं. कोपरा अवघड, मागची फळी कामाला येत नाही, सरळ रिंगमध्येच टाकावा लागतो. मी अंधार पडेपर्यंत टाकत बसायची आणि मग सायकल हाणत घरी. आई ओरडायची. पण मला कळलं होतं की ही एक गोष्ट मला येते. घरात, शाळेत, कुठेच मला असं कधी वाटलं नव्हतं.

म्हणून कॉलेजच्या निवड चाचणीला गेले. दहापैकी सात टाकले. सरांनी ते बघितलंच नाही. ते माझे खांदे बघत होते. दंड बघत होते. बैलबाजारात बघतात तसं. म्हणाले, घ्या हिला, अशी एक लागतेच.

आमच्या कॉलेजच्या मुलींचा झोनमधला इतिहास जिमखान्याच्या भिंतीवर रंगवलेला होता. लांबलचक लाकडी पाटी. वर्ष आणि निकाल. पहिली फेरी. पहिली फेरी. दुसरी फेरी. पुन्हा पहिली. वर्षानुवर्षं आपली तीच रड. मी टीममध्ये आल्यावर पहिल्या वर्षी तिसरी फेरी झाली, दुसऱ्या वर्षी क्वार्टर फायनल आणि तिसऱ्या वर्षी ही सेमी. प्राचार्य सरांच्या पाठीवर थाप मारायचे. वा, काय टीम बांधलीत. मी तिथेच उभी असायची, पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट धरून.

तर ती सेमीफायनल. सात नंबर म्हणजे पालघरकडच्या कॉलेजची बुटकी, चपळ पोरगी. केस घट्ट बांधलेले. बॉल तिच्या हातात असा राहायचा की बघत राहावं. शिट्टी झाली, मी आत गेले. पहिला धक्का खांद्याने. ती सावरली. दुसरा कोपराने. ती माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटली. शेवटची दोन मिनिटं उरलेली, ती आमच्या बास्केटखाली उडी मारून वर गेली आणि मी तिला हवेत असतानाच ढकललं. सिमेंटचं कोर्ट. ती हातावर पडली. मनगटाचा आवाज मला ऐकू आला. खोटं नाही सांगत, तो आवाज मला आजही कधीतरी भांडी घासताना ऐकू येतो.

पाचवा फाउल. मी बाहेर. सात नंबरशिवाय त्यांची टीम लंगडी पडली आणि आम्ही दोन पॉइंटनी जिंकलो. पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. सर माझ्याकडे आले, डोक्यावर टपली मारली, म्हणाले, शाब्बास, काम केलंस.

आणि मला बरं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण सांगणार. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी शाब्बास म्हटलं आणि मी फुलून गेले. एका पोरीचा हात मोडून मी फुलून गेले होते. माणसाला किती खाली नेता येतं बघा, आणि ते त्याला कळतसुद्धा नाही.

मी तोंड धुवायला नळावर गेले तर ती तिथेच. हात ओढणीने गळ्यात बांधलेला. रिक्षाची वाट बघत होती. मी परत फिरणार तेवढ्यात ती म्हणाली, "वॉर्मअपला बघत होते मी तुला. कोपऱ्यातून किती मस्त टाकतेस गं तू. मग हे का करतेस?"

शिव्या दिल्या असत्या तर मी चार परत दिल्या असत्या. खाडीवरची आहे मी, शिव्यांना घाबरत नाही. पण तिने खरंच विचारलं होतं. तिला उत्तर हवं होतं. रिक्षा आली, ती गेली.

घरी आले. पेपरात नाव नाही, काही नाही, पण गावात कुणीतरी सांगितलेलंच. आई वालाच्या शेंगा मोडत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "कोनाच्या पोरीला पाडून आलीस?" मी म्हटलं, सरांनी सांगितलं. आईने हातातली शेंग खाली ठेवली. म्हणाली, "सर सांगल तसा करशील? तुला तुजा हात नाय?" एवढंच. जेवण वाढलं. मी चार घास खाल्ले आणि उठले. त्या सात नंबरने विचारलेलं आणि आईने विचारलेलं एकच होतं.

दोन दिवसांनी फायनल. कॉलेजच्या इतिहासातली पहिली. प्राचार्य आलेले, ट्रस्टी आलेले, ढोल-ताशा आणलेला. सामन्याआधी मी सरांपुढे जाऊन उभी राहिले.

"सर, आज मी मुद्दाम फाउल करणार नाही."

"मग काय करणार?"

"खेळणार."

ते हसले. "खेळायला पोरी आहेत माझ्याकडे."

म्हणजे मी पोरगी नव्हते. खेळाडूही नव्हते. मग कोण होते मी? तीन वर्षं ह्यांच्या टीममध्ये, ह्यांच्या जर्सीत मी कोण म्हणून पळत होते? डोक्यात अशी तिडीक गेली की कान गरम झाले.

त्यांनी मला बसवलं. तिसऱ्या क्वार्टरला मात्र कॅप्टनचे चार फाउल झाले आणि समोरची उंच सेंटर, रिंगखाली खेळणारी, आम्हाला झोडपत होती. मग माझी आठवण आली. सरांनी बोटाने ती सेंटर दाखवली आणि म्हणाले, जा, आणि डोकं ठिकाणावर ठेव.

गेले. डोकं ठिकाणावरच होतं, पहिल्यांदाच. मी तिच्यासमोर पाय रोवून, हात वर करून उभी राहिले. धक्का दिला नाही. तिने एकदा माझ्या डोक्यावरून टाकला. दुसऱ्यांदा तिला जागाच दिली नाही, तिने बॉल मागे दिला. मागून सर ओरडत होते. मी ऐकलं नाही. मग कोपऱ्यात माझ्याकडे पास आला. आणि मी बास्केटकडे बघितलं. तीन वर्षांत सामन्यात पहिल्यांदा.

मारला. रिंगवर आपटून बाहेर. बाकावरून शिव्या. पुन्हा मिळाला, पुन्हा मारला. आत. एकदा अजून मिळाला. आत. आमचा ढोलवाला बिचारा, त्याला काय माहीत, तो जोरात वाजवायला लागला. तेवढ्यात बदलीचा बझर झाला. सरांनी मला बाहेर बोलावलं. मी एकही फाउल केलेला नव्हता.

उरलेला सामना मी बाकावरून बघितला. आम्ही पाच पॉइंटनी हरलो.

कपडे बदलायच्या खोलीत सरांनी दार लावून घेतलं. म्हणाले, या कॉलेजच्या आयुष्यात एकदा फायनल आली आणि ती एका खाडीवालीच्या मस्तीपायी गेली. मी म्हटलं, मी दोन बास्केट टाकले. ते म्हणाले, तुला कुणी टाकायला सांगितले होते? मग हात पुढे केला. जर्सी जमा कर. मी आडोशाला जाऊन जर्सी काढली, कुर्ता घातला आणि ती त्यांच्या हातात न देता टेबलावर ठेवली. संघाचा फोटो झाला तेव्हा मी नव्हते. पोरी रडत होत्या. कॅप्टन मला बसमध्ये हळूच म्हणाली, एकदा ऐकलं असतंस तर काय बिघडलं असतं. ती वाईट नव्हती. तिला फक्त कधी कुणाच्या अंगावर धाडलं नव्हतं.

नंतर कॉलेजचं कसलंसं वर्ष साजरं झालं, स्मरणिका निघाली. त्यात मुलींच्या बास्केटबॉलचा इतिहास आहे, दोन पानं. कॅप्टनचं नाव, सरांचा फोटो. आणि एक वाक्य, की एका खेळाडूच्या बेशिस्तीमुळे विजेतेपद थोडक्यात हुकलं. इतिहासात मी आहे तर. बिननावाची. मोडलेल्या मनगटाबद्दल एक अक्षर नाही. मुलीचा हात मोडला ती शिस्त आणि नाही मोडला ती बेशिस्त. वाचून मी हसले, मग स्मरणिका फाडली. पश्चात्ताप? अजिबात नाही. ती फायनल शंभरदा आली तरी मी शंभरदा घालवीन.

आता मी गोखिवऱ्याला एका शाळेत पीटी शिकवते. आईबाप कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये कामाला असलेल्या पोरी. कुणाचे वडील वेल्डर, कुणाची आई पॅकिंगला. त्यातली एक यंदा बारावी झाली. उंच, रुंद हाडाची, आणि पास असा देते की समोरचीला कळत नाही बॉल गेला कुठे. मागच्या महिन्यात सरांचा फोन आला. आवाज अगदी मधाळ. ओळखलंस का वगैरे. शाळांच्या स्पर्धेत पाहुणे म्हणून आले होते, तिथे तिला बघितलं म्हणे. ॲडमिशन करतो, सगळं करतो, फक्त पाठव.

"अशीच लागते एक. तुझ्यासारखी."

मी विचारलं, "सर, तिचा पास बघितलात?"

"पास काय करायचाय? शरीर आहे तिच्याकडे."

"मग नाही," म्हटलं आणि फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेले. आईवडिलांसमोर, तिच्यासमोर सगळं सांगितलं. मी एका मुलीचं मनगट मोडलं हेसुद्धा. शाब्बास ऐकून खूश झाले होते हेसुद्धा. तिचे वडील म्हणाले, मॅडम, ते सगळं बरोबर, पण हिला शिकवणार कोण? जवळचं कॉलेज तेच आहे. रास्त प्रश्न होता. नुसतं नाही म्हणून पोरीचं पोट भरत नाही.

मग मी विरारच्या एका कॉलेजात गेले. लांब पडतं, दोन रिक्षा बदलाव्या लागतात. तिथे मुलींची टीमच नव्हती, कधी प्रवेशिकाही भरलेली नव्हती. प्राचार्यांना सांगितलं, शाळा सुटल्यावर मी येईन, मुली मी जमवीन. ते म्हणाले, जमवा. दहा जमल्या. चौघींनी बॉल पहिल्यांदाच हातात घेतलाय. त्या पोरीने तिथेच ॲडमिशन घेतली, रोज येते, घामाघूम होऊन, आणि त्या चौघींना पास कसा झेलायचा ते शिकवते.

परवा झोनच्या सामन्यांचं वेळापत्रक लागलं. आमची पहिलीच फेरी सरांच्या कॉलेजशी. ती पोरगी विचारत होती, मॅडम, आपण जिंकू का? मी म्हटलं, बहुतेक नाही. त्यांच्याकडे तयार बारा आहेत, आपल्याकडे कशाबशा दहा.

हरलो तर हरलो. पुढच्या वर्षी परत येऊ, त्याच्या पुढच्याही. पण माझ्या पोरीला मी कुणाच्या अंगावर सोडणार नाही. आणि ते जर समोरून एखादीला आमच्या अंगावर सोडायला निघाले, तर मी पंचांसमोर, ट्रस्टींसमोर, त्या पोरीच्या देखत सामना थांबवीन आणि सरांचं नाव घेऊन सांगेन, हा माणूस काय करतो ते.