हरणीच्या गळ्यातली घंटी

लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे मला वाटत नाही. आयुष्यभर मी इतरांचे निबंध तपासले. साठी उलटल्यावर स्वतःच लिहायला बसावे, याचा संकोच वाटतो. वाचकांनी क्षमा करावी. सांगण्यासारखे आहे तेही एका हरणीपुरतेच.

महायुद्धाच्या आधीच्या एका हिवाळ्यात, आसेगावजवळच्या आमच्या शेतात तूर कापताना वडिलांना हरणाचे पाडस सापडले. त्याच्या आईला आदल्या दिवशी कुत्र्यांनी ओढ्यात मारले होते. माझ्या आईने ते नुकत्याच व्यालेल्या शेळीला लावले. शेळीने लाथ झाडली.

“गपचूप उभी राह्य. तुयं काय जाऊन राह्यलं?” आईने तिचे कान धरून सुनावले. चौथ्या दिवसापासून शेळी आपण होऊन उभी राहू लागली.

वर्षभरात हरणी वाढली आणि गुरांबरोबर माळावर जाऊ लागली. गावच्या जमीनदारांकडे शिकारीसाठी पाहुणे येत, म्हणून वडील त्यांना भेटून आले. गळ्यात घंटी असलेल्या जनावरावर बंदूक रोखणार नाही, असा शब्द मिळाला. त्याच संध्याकाळी मी हरणीला पितळी घंटी बांधली.

पुढच्या हिवाळ्यात गावची गुरे चारणारा म्हातारा ढोरकी आमच्या अंगणात येऊन बसला.

“बाई, हरणीले काहून सजवलं? वरात काढाची हाये काय तिची?”

मी हसले. तो हसला नाही.

“रोज रानातल्या हरणायच्या कयपाच्या मांगं पयते ते. घंटी वाजली का कयप फुटते. हे पयते, घंटी अजून वाजते, थे अजून पयतात. काल तोंडाले फेस होता तिच्या.”

“घंटी काढली तं बंदुकीनं मरन,” वडील म्हणाले.

“अन् नाई काढली तं?” आईने विचारले.

वडील माझ्याकडे वळले. म्हणाले, “तूनंच बांधली. तूच पाह्य.”

माझ्याखेरीज कोणालाही ती मानेला हात लावू देत नसे. दुसऱ्या दिवशी मी ढोरक्याबरोबर माळावर गेले. गाठ इतकी घट्ट बसली होती की दोरी विळ्याने कापावी लागली. हरणी क्षणभर उभी राहिली, मग कळपाकडे चालू लागली. काही माना वर झाल्या. कोणी पळाले नाही. थोड्याच वेळात त्यांतली आमची कोणती, हे मला दुरून सांगता येईना.

“झाली ते तिच्या लोकायची,” ढोरकी म्हणाला.

पंधरा दिवसांनी ओढ्याच्या बाजूने बंदुकीचे दोन बार ऐकू आले. मारलेली जनावरे जमीनदारांच्या अंगणात आणून टाकली होती, आणि ती पाहायला निम्मे गाव गेले. दोरीने हरणीच्या मानेवरचे केस झडून तिथे पट्टा पडला होता, त्यामुळे गेलो असतो तर ओळखणे कठीण नव्हते. आमच्या घरातून मात्र कोणीच गेले नाही. आईने भाकरी वाढल्या, आम्ही जेवलो. ते न जाणे समजूतदारपणाचे होते की भित्रेपणाचे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आपण पाहायला गेला असता का?