काकूंचा हुंकार

मांजर आडवं गेलं तर मी त्याला आधी जाऊ देते, एवढाच माझा नि असल्या शकुन-अपशकुनाच्या गोष्टींचा संबंध. राहते विरारला, फुलपाड्यात. नोकरी नव्या औषधांच्या चाचण्यांमध्ये — भाग घेणाऱ्यांना माहितीपत्रक वाचून दाखवायचं, त्यांनी ते आपल्या शब्दांत परत सांगायचं, मगच सही. नुसतं 'हो हो, कळलं' म्हणणाऱ्यांवर मी चिडते. कळलं तर सांगा ना!

जवळच्या वटार गावातल्या सुमनकाकूंचे गुडघे गेलेले. चाचणी गुडघ्यांच्याच गोळीची, म्हणून मीच त्यांच्या घरी गेले. दुपारची वेळ. मागच्या ओट्यावर बसलो. समोर बावखल, म्हणजे वाडीतलं छोटं तळं, त्याच्या हिरव्या पाण्यात केळींच्या सावल्या. काकूंना विचारून मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं.

"चष्मा कुठे शोधू आता? तू वाच, मी ऐकते."

गोष्ट ऐकावी तसा प्रत्येक वाक्याला त्यांचा हुंकार... हं... हं... पाण्यावरून गार वारा येत होता. हळूहळू माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटायला लागला. वाचून कधी संपलं, कळलंच नाही.

"आता तुम्ही सांगा, काकू."

काकूंनी सगळं बिनचूक सांगितलं. नको वाटलं तर कधीही सोडता येतं, हेसुद्धा. आणि शेवटी — "जीभ जड झाली की गोळी बंद करायची नि लगेच तुला फोन."

"हे यात नाहीये, काकू."

"अगं, आत्ता तूच वाचलंस नं!"

मी पानं उलटून पाहिली. नव्हतं. काकू हसल्या, म्हणाल्या, "असू दे, मी लक्षात ठेवते." सही झाली.

पुढच्या महिन्यात एका सकाळी त्यांचा फोन आला. शब्द अडखळत होते. "जीभ जड झालीय गं... आजची गोळी नाही घेतली." तातडीने हॉस्पिटलला नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून एक गोळी पोटात गेली असती तर श्वासच अडकला असता. मी बाहेरच्या बाकावर बसून रडले.

काही आठवड्यांनी सुधारित पत्रक आलं. दुसरीकडेही कुणाला तसाच त्रास झाला होता. त्यात एक नवं वाक्य होतं — जीभ जड वाटल्यास गोळी बंद करून त्वरित संपर्क साधावा.

मग मी ते रेकॉर्डिंग ऐकलं. जुन्या पत्रकाचं शेवटचं वाक्य वाचून मी गप्प झालेय. कुठेतरी पक्षी ओरडतो. आणि त्या शांततेत काकूंचा आवाज — "हं."

काकूंना विचारलं, तर म्हणतात, "तुझाच आवाज होता." आता पत्रक वाचून झालं की मी लगेच 'सांगा' म्हणत नाही. जरा गप्प बसते... समोरच्याचं ऐकून व्हायचं असेल अजून.